मते फुटतात, की मोजणी फोडते?

मतदानाच्या वेगवेगळ्या पद्धतींविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी भागांतून पत्रे आली. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, फक्त गाव किंवा तालुका दिला आहे.

खानापूर तालुका : आमच्याकडे दर विधानसभेला तीच रड. आपली मते भरपूर, पण आपलेच उमेदवार दोन-दोन, आणि निवडून येतो भलताच. याला आपली भांडणे कारणीभूत म्हणायची, की मतदानाची पद्धत?

भांडण माणसांचे असते, पण त्याची किंमत किती मोजावी लागेल हे पद्धत ठरवते. आपल्या विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत मतदाराला एकच गोष्ट विचारली जाते : तुमचा पहिला कोण? तो नसेल तर दुसरा कोण, आणि कोण अजिबात नको, हे विचारलेच जात नाही. त्यामुळे सारख्या विचाराचे दोन उमेदवार उभे राहिले की त्यांची मते दोन गठ्ठ्यांत पडतात, आणि त्यांची बेरीज करायची सोय मोजणीत नसते.

२०१८ ची खानापूरची निवडणूक घ्या. विजयी उमेदवाराला ३६,६४९ मते होती, दुसऱ्याला ३१,५१६. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार रिंगणात होते, शिवाय काँग्रेस, भाजप आणि जनता दल वेगवेगळे लढत होते. एकूण मतदानाच्या पाव हिश्श्याच्या आसपास मते मिळवून जागा निघाली. विजयी उमेदवाराचा यात काही दोष नाही, नियमच तसा आहे. पण उरलेल्या पाऊण हिश्श्याचा कौल काय होता, हे त्या मोजणीतून कळायला मार्ग नाही.

आता दुसरी बाजू. ही पद्धत एका जागी एकवटलेल्या लहान समाजाला अनेकदा हात देते. २०१३ मध्ये खानापूर आणि बेळगाव दक्षिण या दोन जागा समितीने याच पद्धतीने जिंकल्या होत्या. राज्यभरच्या मतांत एखाद्या गटाचा वाटा नगण्य असतो, पण एका तालुक्यात तोच गट पहिल्या क्रमांकावर जाऊ शकतो. शिवाय मतदान सोपे, निकाल मोजणीच्याच दिवशी, आणि तक्रार घेऊन जायला आपला एक ठरलेला आमदार. हे फायदे विसरून पद्धतीला शिव्या देऊ नयेत.

या पद्धतीवर ताण आला की काय होते, याचे देशभर सांगितले जाणारे उदाहरण आपल्याच बेळगावचे आहे. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी इथे अर्जांचा पाऊस पडला आणि ४५६ उमेदवार रिंगणात राहिले. त्या वेळी लोकसभेची अनामत होती ५०० रुपये. त्याच वर्षी कायदा बदलला : सर्वसाधारण उमेदवाराची अनामत १०,००० रुपये झाली आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले. २००९ च्या कायदादुरुस्तीने ती रक्कम २५,००० झाली. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. २०१९ मध्येही बेळगावात ५७ उमेदवार होते. यंत्राच्या एका मतदान युनिटवर १६ बटणे असतात, म्हणजे ५७ अधिक 'नोटा' यांसाठी चार युनिटे ओळीने मांडावी लागतात. एवढ्या यादीत आपले चिन्ह शोधताना वयस्कर मतदाराची तारांबळ उडते, आणि मिळत्याजुळत्या चिन्हाला चुकून मत जाते. निषेध पोहोचतो, पण त्याचा भार मतदारावर पडतो.

बेळगाव तालुका : उमेदवारीसाठी चार इच्छुक आहेत. सव्वाशेएक प्रतिनिधींच्या सभेत एकाची निवड करायची आहे. हात वर करून करावी, चिठ्ठ्या टाकाव्यात की आणखी काही? नंतर कुणी 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणायला नको.

हात वर करून मुळीच नको. शेजारी बसलेला बघतो, आणि गाव लहान असते. गुप्त चिठ्ठीच हवी, पण चिठ्ठीवर एक नाव लिहून घेतलेत तर वरच्याच उत्तरातली अडचण सभागृहात येऊन बसेल. प्रत्येक प्रतिनिधीकडून पसंतीक्रम घ्या : १, २, ३, ४.

एक नमुना मांडून दाखवतो. इच्छुक अ, ब, क आणि ड. वैध चिठ्ठ्या १२०. पहिल्या पसंतीची मोजणी अशी झाली : अ ४६, ब ३३, क २६, ड १५.

'ज्याला जास्त तो उमेदवार' म्हटले तर अ ठरला. पण १२० पैकी ७४ जणांचा तो पहिला नव्हता.

आता बाद करत जाण्याची पद्धत लावू. निम्म्याहून अधिक म्हणजे ६१ मते लागतात. सर्वांत मागे ड, म्हणून त्याचा १५ चिठ्ठ्यांचा गठ्ठा उघडायचा आणि दुसरी पसंती बघायची : ९ क कडे, ४ ब कडे, २ चिठ्ठ्यांवर पुढचा आकडाच नाही, त्या संपल्या. आता अ ४६, ब ३७, क ३५. क मागे पडला. त्याच्या ३५ चिठ्ठ्यांपैकी २४ ब ला, ७ अ ला, ४ संपल्या. शेवटी ब ६१, अ ५३, संपलेल्या ६. ब जिंकला.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. पण याच १२० चिठ्ठ्या जोडीजोडीने पाहिल्या तर वेगळेच निघते. अ च्या ४६ समर्थकांपैकी ४० जणांनी ब च्या आधी क ला ठेवले आहे, उरलेल्या ६ जणांनी ब ला. मग क विरुद्ध ब अशी सरळ लढत मोजली तर क ला २६ अधिक ९ अधिक ४० म्हणजे ७५, आणि ब ला ३३ अधिक ४ अधिक ६ म्हणजे ४३. ब च्या ३३ पैकी २७ जणांना अ पेक्षा क बरा वाटतो, आणि ड चे म्हणून ब कडे गेलेल्या ४ पैकी ३ जणांनाही. म्हणजे क विरुद्ध अ लढतीत क ६५, अ ५३. दोन्हींत ड च्या त्या २ चिठ्ठ्या कुणाच्याच बाजूने धरलेल्या नाहीत. ड ला बाकीच्यांनी तळाशीच ठेवले आहे. अर्थ असा की क समोरासमोर प्रत्येकाला हरवतो, आणि तरी तो बाद झाला, कारण मधल्या फेरीत ब च्या ३७ पुढे त्याची मते ३५ च भरली.

हे नुसते कागदावरचे नाही. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ मध्ये महापौर निवडताना नेमके हेच झाले. पहिल्या पसंतीत आघाडीच्या तिघांना २,९५१, २,५८५ आणि २,०६३ मते होती. तिसरा बाद झाला आणि शेवटच्या फेरीत दुसरा ४,३१३ विरुद्ध ४,०६१ असा जिंकला. चिठ्ठ्या नंतर जोडीने तपासल्या तेव्हा बाद झालेला तिसराच उरलेल्या दोघांनाही भारी होता, असे दिसले. पुढच्याच वर्षी लोकांनी ती पद्धत मतदान करून रद्द केली.

म्हणून आमचा सल्ला : सव्वाशे-दीडशे प्रतिनिधींच्या सभेत जोडीजोडीने मोजा. सर्वांना एकत्र घेऊन चालणारा माणूस हवा असेल तर त्याला शोधणारी मोजणी हीच. चार इच्छुकांच्या जोड्या सहा होतात, पाचांच्या दहा, सातांच्या एकवीस. पाचपर्यंत हाताने मोजता येते. इच्छुक आठ-नऊ असतील तर आधी 'जे जे चालतील त्या सर्वांपुढे खूण करा' अशी एक फेरी घ्या आणि वरचे चार ठेवा. अंतिम निवडीला मात्र ही 'चालेल'ची पद्धत आम्ही सुचवणार नाही. मोजायला ती सगळ्यांत सोपी, चिठ्ठी जवळपास बाद होतच नाही, पण कडवे समर्थक फक्त आपल्याच माणसापुढे खूण करतात आणि मोकळ्या मनाने तिघांना खूण करणाऱ्याचे नुकसान होते.

तयारी अशी करा.

सभेच्या आधी ठराव लिहून इच्छुकांच्या सह्या घ्या : पद्धत कोणती, बरोबरी झाली तर काय, चिठ्ठी केव्हा बाद. नावे ठरल्यावर पद्धत निवडायला बसलात तर प्रत्येकजण आपल्याला सोयीची पद्धत मागेल. जोडीच्या मोजणीत क्वचित चक्र होते : अ ब ला हरवतो, ब क ला, आणि क अ ला. फ्रान्सच्या कोंदोर्से या गणितज्ञाने १७८५ मध्येच हे दाखवून दिले होते. अशा वेळी चक्रातल्यांपैकी पहिल्या पसंतीची मते ज्याला सर्वांत कमी तो गळेल, असे एक वाक्य ठरावात आधीच असू द्या.

चिठ्ठ्यांवर नावांचा क्रम एकच ठेवू नका. वरच्या नावाला फुकटची काही मते पडतात. चार नावे असतील तर चार क्रमांनी छापा, प्रत्येकी तीसबत्तीस. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात सरकारी मतपत्रिकाही अशाच फिरवून छापतात. पेन सर्वांना एकाच रंगाचे द्या. छापलेल्या, वाटलेल्या आणि पेटीतून निघालेल्या चिठ्ठ्यांचा हिशेब फळ्यावर लिहा. एक चिठ्ठी जरी जास्त निघाली तरी मोजणी थांबवा.

मोजताना एकाने चिठ्ठी वाचायची, दुसऱ्याने सहा जोड्यांच्या तक्त्यात रेघ मारायची, इच्छुकांच्या माणसांनी समोरून बघायचे. १२० चिठ्ठ्यांच्या जास्तीत जास्त ७२० रेघा होतात. सगळ्यांत जास्त चुका एकाच जागी होतात : ज्या चिठ्ठीवर फक्त १ आहे तिच्यातून उरलेल्यांच्या आपापसातल्या जोड्यांतही कुणी रेघ ओढतो. ती ओढायची नाही. त्या मतदाराने उरलेल्यांत फरक केलेलाच नाही.

हरलेला इच्छुक उद्या स्वतंत्र अर्ज भरू शकतो, त्याला कायद्याने अडवता येत नाही. पण जोड्यांचा पुरा तक्ता सभेतच लावलात तर त्याच्या समर्थकांना आकडे दिसतात. 'हेराफेरी झाली' म्हणायला मग जागा उरत नाही.

निपाणी : गुण देण्याची पद्धत कशी? पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. आमच्या मंडळात वक्तृत्व स्पर्धेला तेच चालते.

स्पर्धेला उत्तम, कारण परीक्षकाचा त्यात स्वार्थ नसतो. निवडणुकीत मतदार आपल्या माणसाच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाशी टाकतो आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेल्याला दुसरा करतो. सर्वांनी तसे केले तर तो खिजगणतीत नसलेलाच निवडून येतो. दुसरे असे की एखाद्या गटाने आपल्याच छापाचा आणखी एक उमेदवार उभा केला तर त्या गटाचे गुण वाढू शकतात. ही पद्धत अठराव्या शतकात फ्रान्सच्या बोर्दाने मांडली. तिचाच एक प्रकार नाउरू या छोट्या बेटदेशाच्या संसदेसाठी वापरतात : पहिल्याला १, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश.

चिकोडी : पदवीधर मतदारसंघात मी उमेदवाराच्या नावापुढे बरोबरची खूण केली. ते मत बाद होते असे नंतर कळले. नीट कसे करायचे? आणि दुसरी पसंती लिहिली तर पहिल्याचे नुकसान होते हे खरे का?

बाद होते, खरे आहे. विधानपरिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत यंत्र नसते, कागदी मतपत्रिका असते. केंद्रावर जांभळ्या शाईचे स्केच पेन देतात, तेच वापरायचे. खिशातले पेन चालत नाही. आपल्या पहिल्या माणसापुढे १ हा आकडा. तो इंग्रजी, रोमन, देवनागरी किंवा कन्नड आकड्यांत चालतो, पण 'एक' असा अक्षरी चालत नाही. पुढचे आकडे ऐच्छिक.

मत जाते ते पुढच्या कारणांनी : १ कुठेच नाही, १ दोघांपुढे आहे, एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही आहेत, आकडा दोन रकान्यांच्या रेघेवर पडल्याने कुणाला ते कळत नाही, सही, अंगठा, नाव किंवा ओळख पटेल अशी काही खूण केली आहे. शिकलेल्या मतदारांच्या या निवडणुकीत मते बाद होतात ती बहुतेक सवयीमुळे. हात खूण करायला सरावलेला असतो. घरून निघण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर १, २, ३ लिहून बघा, एवढे पुरते.

दुसऱ्या पसंतीने पहिल्याचे काहीच बिघडत नाही. तुमचा पहिला शर्यतीत आहे तोवर तुमचा २ कुणी बघतही नाही. तो बाद झाला तरच गठ्ठा उघडतो. 'फक्त एकच लिहा' असे कार्यकर्ते सांगतात ते त्यांच्या सोयीचे असते. तुमचा उमेदवार मागे पडला तर शेवटच्या लढतीत तुमचे मत नसेल, एवढेच त्यातून साधते.

दुसऱ्या पसंतीने देशाचा राष्ट्रपती ठरल्याचे उदाहरण आहे. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतमूल्ये होती, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९. (या निवडणुकीत खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते.) कोटा, म्हणजे जिंकायला लागणारे मूल्य, होता ४,१८,१६९. कुणीच तो गाठला नव्हता. मागचे उमेदवार बाद करत गेल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर. देशमुखांच्या गठ्ठ्यातला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी तो थोडक्यात कमी पडला.

नावनोंदणीकडेही लक्ष असू द्या. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळी नाव होते म्हणून ते या वेळी असेलच असे नाही. नमुना १८ भरायचा, शिक्षकांसाठी नमुना १९. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपूर्वी पदवीला तीन वर्षे झालेली हवीत.

हुक्केरी : आमच्या पतसंस्थेत ११ जागा. आमच्या गटाकडे चाळीस टक्क्यांवर सभासद आहेत, पण दर वेळी समोरचे पॅनल अकराच्या अकरा घेऊन जाते. यावर उपाय आहे का?

जितक्या जागा तितकी मते, आणि एका उमेदवाराला एकच मत, ही आपल्याकडच्या सहकारातली रूढ पद्धत. पॅनलचा शिस्तीत प्रचार झाला की ती एकतर्फी निकाल देणारच. हिशेब करू. मतदान करणारे सभासद ५००, तिकडे २९०, इकडे २१०. त्यांच्या प्रत्येक उमेदवाराला २९०, तुमच्या प्रत्येकाला २१०. अकरा विरुद्ध शून्य. ग्रामपंचायतीच्या दोन-तीन जागांच्या वॉर्डातही हेच होते. फक्त तिथे वॉर्डागणिक पारडे बदलते आणि राखीव जागा वेगळ्या असतात, म्हणून निकाल इतका टोकाचा दिसत नाही.

एकवट मतदान हा जुना उपाय आहे. अकरा मते कशीही वाटायची मुभा : अकरा जणांना एकेक, किंवा एकाच माणसाला अकराच्या अकरा. आपल्या भागाला ते परकेही नाही. १९३७ मध्ये बेळगाव मुंबई इलाख्यात असताना इलाख्याच्या विधानसभेसाठी अनेक जागांच्या मतदारसंघांत मते अशी एकवटता येत, आणि डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्याचा उपयोग झाला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६३ मध्ये संचालक निवडीसाठी हा मार्ग आजही आहे.

तुमच्या २१० जणांकडे मग २,३१० मते, समोर ३,१९०. तुम्ही पाचच उमेदवार उभे केले तर प्रत्येकी ४६२. समोरच्यांना सात जागा हव्या असतील तर प्रत्येकी ४५५ च पडतात. तुमचे पाच नक्की येतात. पण लोभाने सहावा उभा केलात की प्रत्येकी ३८५ उरतात. समोरच्यांनी आठ जणांत वाटणी केली तर त्यांना ३९८. त्यांचे आठ, तुमचे तीनच. या पद्धतीत चूक होते ती नेमकी इथे : आपली ताकद आधी अचूक ओळखावी लागते आणि सभासदांनी वाटणी काटेकोर पाळावी लागते. लोकप्रिय उमेदवाराला गरजेपेक्षा जास्त मते पडली की तीही वाया.

पसंतीक्रमाची संक्रमणीय पद्धत ही अटकळ मतदाराच्या डोक्यावरून काढून घेते. राज्यसभेला आणि आमदारांतून होणाऱ्या विधानपरिषद निवडणुकीला हीच वापरतात. तिथे प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात, एकूण मूल्याला जागा अधिक एकने भागतात आणि त्यात एक मिळवतात. तुमच्या संस्थेत ५०,००० भागिले १२, अधिक १, म्हणजे अपूर्णांक सोडून ४,१६७. ढोबळपणे ४२ मतपत्रिकांना एक जागा. २१० मतपत्रिकांना पाच जागा. उमेदवार सहा उभे करा की आठ, मागे पडलेल्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जातात, आणि कोट्यापेक्षा जादा झालेले मूल्यही पुढे सरकते. अट एवढीच की तुमच्या सभासदांनी आपल्या गटातल्या सर्वांना आकडे द्यावेत. मोजणी मात्र किचकट. अकरा जागांसाठी पंचवीस-तीस उमेदवार असतील तर सराव असलेली माणसे लागतात आणि दिवस जातो.

सभेत ठराव करून हे उद्यापासून लागू होणार नाही. नोंदणीकृत पतसंस्थेची निवडणूक कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांनी होते. तरुण मंडळ, वाचनालय, शाळेची माजी विद्यार्थी संघटना यांच्या घटनेत मात्र पद्धत लिहून घेता येते. तिथे ती आणावी असे आम्हाला मनापासून वाटते, कारण संस्थेत चाळीस टक्के माणसांचा एकही प्रतिनिधी नसला की पुढच्या पाच वर्षांत ती माणसे सभेलाच येईनाशी होतात.

बेळगाव शहर : सगळ्या जागा मतांच्या टक्केवारीनुसार वाटल्या तर भाषिक अल्पसंख्याकांना न्याय मिळेल असे म्हणतात. मिळेल का?

कोणत्या घटकावर टक्केवारी काढता यावर सगळे आहे. कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागा पक्षांच्या राज्यभरच्या यादीतून वाटल्या आणि नेपाळसारखी ३ टक्क्यांची किमान अट घातली, तर एका जिल्ह्यात एकवटलेला पक्ष ती अट ओलांडणे फार कठीण. आजच्या पद्धतीत निदान एखाद-दुसरी जागा येण्याची शक्यता आहे, तीही जाईल. जर्मनीतली अट ५ टक्क्यांची आहे, पण राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या पक्षांना त्यातून सूट आहे. डेन्मार्कच्या सीमेलगतच्या डॅनिश आणि फ्रिजियन भाषकांच्या पक्षाला २०२१ मध्ये सुमारे ५५ हजार मतांवर, म्हणजे देशातल्या ०.१ टक्का मतांवर, संसदेत एक जागा मिळाली. सीमाभागातल्या वाचकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे : तिथे पद्धतीइतकेच महत्त्व त्या सूटीच्या ओळीला आहे.

आता घटक लहान करून पाहू. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत. अख्खा जिल्हा एक घटक धरला तर एका जागेला साधारण सव्वापाच टक्के मते पुरतात. सहा-सहा जागांचे तीन घटक केले तर सव्वाचौदा टक्क्यांच्या थोडे वर. आयर्लंडमध्ये तीन ते पाच जागांचे मतदारसंघ असतात. इतक्या लहान घटकात मतदाराला उमेदवार ओळखीचे राहतात, आणि दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले तरी पसंतीक्रमामुळे मते वाया जात नाहीत. आम्हाला हा मधला मार्ग पटतो. पक्षाने ठरवलेल्या बंद यादीची पद्धत नाही पटत, कारण यादीत वर कोण आणि खाली कोण हे पक्षाच्या कार्यालयात ठरते आणि अथणीच्या शेतकऱ्याला आपला आमदार कोणता हेच कळेनासे होते.

विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात आजच्या जागा तशाच ठेवून वर पंचवीस टक्के जागा यादीतून भरण्याची सूचना केली होती. तिच्यावर कायदा झालेला नाही.

खानापूर : फ्रान्ससारखे दोनदा मतदान घेतले तर? पहिल्या दोघांत पुन्हा लढत.

मतदाराला समजायला सोपे, आणि निवडून येणाऱ्याला निम्म्याहून जास्त मते. पण मते फुटण्याचा रोग जात नाही, तो पहिल्या फेरीत सरकतो. २००२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाला १६ उमेदवार होते. डाव्यांची मते इतकी विभागली की त्यांचा प्रमुख उमेदवार जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर तिसरा राहिला. १६.८६ टक्क्यांचे अतिउजवे ल पेन दुसऱ्या फेरीत गेले आणि पहिले आलेले शिराक यांनी त्यांना ८२ टक्के मते मिळवून हरवले. शिवाय पंधरा दिवसांत सगळी यंत्रणा पुन्हा उभी करायची. आपल्याकडे ऊसतोडीला किंवा कामाला पुण्या-गोव्याला गेलेला माणूस एकदा मतदानाला येतो. दोनदा येणे त्याला परवडणार नाही.

निपाणी : 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक रद्द होते ना?

विधानसभा-लोकसभेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ते बटण आले, पण त्याची मते फक्त मोजली जातात. उमेदवारांत ज्याला जास्त तोच विजयी. गैरसमज होतो तो पलीकडच्या बातम्यांमुळे : महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता. कागल-चंदगडला तो लागू होतो, निपाणीला नाही.

चिकोडी : पसंतीक्रम यंत्रावर घेता येईल का?

आजच्या यंत्रावर नाही. मतदाराने एक बटण दाबले की त्याचे मत नोंदले जाते आणि पुढचा मतदार येईपर्यंत यंत्र बंद राहते. दुसरा आकडा घ्यायची सोय त्यात नाही. व्हीव्हीपॅटच्या खिडकीत सात सेकंद दिसणारी चिठ्ठीही एकाच उमेदवाराची असते. पसंतीक्रम घ्यायचा तर आज कागद आणि पेन हेच साधन. आणि मोजणी करणाऱ्यांना आधी निदान दोनदा खोट्या चिठ्ठ्यांवर सराव द्या. त्यात गठ्ठा उघडण्याची फेरी, संपलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवणे आणि प्रत्येक फेरीअखेर बेरीज पहिल्या आकड्याशी जुळवणे, या तिन्ही गोष्टी करून घ्या.